लेखकाचा हक्क आणि वाचकांचा वारसा

गावाला जसे गायरान असते तसे साहित्यालाही असते. ज्या लेखनावर कोणाचीच मालकी उरलेली नाही, जे कोणीही छापावे, गावे, दुसऱ्या भाषेत न्यावे, ते सर्वांचे. श्रीगोंद्याचे सतराव्या शतकातील संतकवी शेख महंमद यांचा ‘योगसंग्राम’ असाच सर्वांचा आहे. वा. सी. बेंद्रे यांच्यासारख्या संशोधकाने जुन्या काव्याला जोडलेली प्रस्तावना व टिपा त्या संशोधकाच्या. मूळ ओव्यांवर मात्र त्यामुळे नवी मालकी चढत नाही.

लेखकाचा हक्क आणि हे गायरान दोन्ही एकाच कायद्याची लेकरे आहेत. इंग्लंडमध्ये 1710 साली ॲन राणीच्या कायद्याने नव्या पुस्तकाला 14 वर्षांचे संरक्षण दिले. लेखक हयात असेल तर आणखी 14. लंडनच्या पुस्तकविक्रेत्यांना कायमची मालकी हवी होती. ती 1774 साली लॉर्डांच्या सभागृहाने नाकारली. मुदत संपली की पुस्तक सर्वांचे, हे तत्त्व तेथे पक्के झाले.

पुढे मुदत मात्र वाढत गेली. आपल्याकडे कंपनी सरकारच्या 1847 च्या कायद्यात लेखकाच्या हयातीनंतर 7 वर्षे, पण एकूण किमान 42 वर्षे संरक्षण होते. 1914 च्या कायद्याने ते मृत्यूनंतर 50 वर्षे झाले, स्वतंत्र भारताच्या 1957 च्या कायद्यानेही 50 च ठेवले. मग रवींद्रनाथांचा प्रश्न आला. ते 1941 साली गेले. विश्वभारतीकडे असलेले त्यांच्या लेखनाचे हक्क 1991 अखेर संपणार होते. मुदत संपायला अवघे काही दिवस उरले असता वटहुकूम निघाला आणि 1992 च्या दुरुस्तीने 50 ची 60 वर्षे झाली.

वाढ झाली ती एका महाकवीच्या निमित्ताने, पण लागू झाली सर्वांना. साने गुरुजी 1950 साली गेले. त्यांचे साहित्य 2001 ऐवजी 2011 च्या आरंभी मुक्त झाले आणि मग ‘श्यामची आई’च्या आवृत्त्या अनेक प्रकाशकांनी काढल्या. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजेच आपले शाहीर अमर शेख, 1969 साली गेले. जुन्या हिशेबाने त्यांची कविता 2020 च्या पहिल्या दिवशी सर्वांची झाली असती. आता ती 1 जानेवारी 2030 रोजी होईल.

आम्ही लेखकाच्या हक्काविरुद्ध नाही. लेखणीवर पोट असणाऱ्याच्या मुलाबाळांना त्याच्या पुस्तकाचे चार पैसे मिळालेच पाहिजेत. पण ज्याच्या पाठीशी विश्वभारती आहे त्याला दहा वर्षे वाढवून मिळणे वेगळे आणि ज्याचे पुस्तक एकदाच, पदरमोड करून छापले गेले त्याला मिळणे वेगळे. अशा पुस्तकातून वारसांना काही मिळत नाही. प्रकाशन बंद पडलेले असते, वारस कुठे गेले ते ठाऊक नसते, आणि परवानगी कोणाकडे मागावी हे न कळल्याने पुनर्मुद्रणाचा विचार मागे पडतो. मराठीतील मुस्लिम लेखकांच्या कितीतरी पुस्तकांची हीच गत आहे. साठ वर्षांनी हक्क संपेल, पण तोवर कसर लागून शेवटची प्रत गेली तर मुक्त काय होणार?

कायद्यात वाट आहे. लेखक हयात नसेल किंवा हक्कदार सापडत नसेल, तर कलम 31 अ नुसार प्रकाशनाचा परवाना मागता येतो; 2021 पासून हे अर्ज वाणिज्य न्यायालयांकडे गेले आहेत. मात्र एका छोट्या कवितासंग्रहासाठी कोर्टाची पायरी कोण चढणार?

त्यापेक्षा लेखकाने हयातीतच करण्याजोग्या गोष्टी सोप्या आहेत. आपल्यामागे पुस्तकाची परवानगी कोणी द्यायची ते मृत्युपत्रात नावानिशी लिहावे. कलम 21 प्रमाणे जाहीर सूचना देऊन हक्क सोडताही येतो. ज्यांना पुस्तकाच्या उत्पन्नाची अपेक्षा नाही त्यांनी याचा विचार करावा. आणि प्रत्येक पुस्तकाच्या दोन-तीन प्रती निरनिराळ्या गावांच्या ग्रंथालयांत ठेवाव्यात. आपल्या आधीच्या पिढीतील ज्या लेखकांची पुस्तके आपल्या घरात आहेत, त्यांच्या बाबतीत हे काम आता आपल्यालाच करायचे आहे.