डबक्यातल्या बेडकाच्या अंड्यांना उन्हाचा धोका. पाणी उथळ झालं की अतिनील किरण थेट आत

पनवेल : पहिला मोठा पाऊस झाला की कर्नाळा, प्रबळगड परिसरात रात्रभर डराव डराव सुरू होतं. दोन दिवसांत डबक्यांत साबुदाण्यासारखी अंडी दिसतात. या अंड्यांना कोंबडीच्या अंड्यासारखं कवच नसतं, नुसता पारदर्शक चिकट गर. त्यामुळे सूर्याचे अतिनील म्हणजे अल्ट्राव्हायोलेट किरण आतल्या जिवापर्यंत पोचतात आणि डीएनए बिघडवतात.

उंचीवर हे किरण वाढतात, दर हजार मीटरला साधारण 10 टक्के. प्रबळगड जेमतेम 700 मीटर, म्हणजे उंचीचा फरक थोडाच. आपल्याकडे खरी गोष्ट पाण्याच्या खोलीची आहे. जुलैअखेर दुपारी सूर्य पनवेलच्या बरोबर डोक्यावर असतो. एरवी ढग अंड्यांना वाचवतात. पण पावसाने आठवडाभर दडी मारली की डबकं आटतं आणि ऊन तळापर्यंत जातं.

अमेरिकेतल्या ओरेगॉनच्या डोंगरतळ्यांत अँड्र्यू ब्लाउस्टाइन यांच्या गटाने हे तपासलं. काही अंड्यांवर अतिनील किरण अडवणारं आवरण घातलं, काही उघडी ठेवली. दोन जातींची उघडी अंडी जास्त मेली. तिथल्या एका झाडबेडकाची मात्र तगली, कारण बिघडलेला डीएनए दुरुस्त करणारं फोटोलाएज त्याच्या अंड्यांत जास्त असतं. 2001 साली याच गटाने दाखवलं की कमी पावसाच्या वर्षी 20 सेंटिमीटरपेक्षा उथळ पाण्यातली भेकाची निम्म्याहून जास्त अंडी बुरशीने गेली. तरीही बेडूक कमी होण्याचा सगळा दोष उन्हावर टाकता येणार नाही. बुजवलेली डबकी आणि रोगही आहेतच.

पाण्यातले बारीक किडे दिवसा खाली जाऊन ऊन चुकवतात. अंड्यांना हलता येत नाही. त्यांना आधार सावलीचा आणि कुजलेल्या पानांमुळे चहासारख्या झालेल्या पाण्याचा. असं पाणी घाण वाटतं खरं, पण अतिनील किरण तेच शोषून घेतं. म्हणून तळ्यातला गाळ काढायचा तर मे महिन्यातच काढावा आणि काठची झाडं तोडू नयेत. भातावरचे किडे खाणारी फौज इथूनच शेतात येते.

अंडी जिवंत आहेत का, हे नुसत्या डोळ्यांनी कळतं. गरात काळा ठिपका स्वच्छ दिसला तर ठीक. पांढरा कापूस चढला असेल तर ती बुरशी.