ग्रहणाचें पुण्य आणि ग्रहणाचें गणित

चंद्रग्रहणाच्या रात्रीं नाशिकास रामकुंडावर जे उभे राहिले असतील, त्यांस एक गोष्ट ठाऊक असेल. नुसतें आकाशाकडे पाहून कोणी पाण्यांत उतरत नाहीं; स्पर्श केव्हां, मोक्ष केव्हां, हें पंचांगांत मिनिटांनिशीं पाहून मगच स्नान होतें. भीति राहूची आणि वेळ गणित्याची! जादू व शास्त्र हीं जन्माचीं वैरी, असें मानणाऱ्या सुशिक्षितांस या जोडीचें हसूं येतें. आम्हांसही येत असे. परंतु पाटणचा शिलालेख वाचल्यापासून तें ओसरलें.

नाशिकच्या पूर्वेस, चाळीसगांवाजवळ, पाटण हें उजाड गांव आहे. तेथील देवळांतला हा लेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनीं १८६५ त उजेडांत आणला. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा यादवराजा सिंघण याचा ज्योतिषी. त्यानें आजोबांचे ग्रंथ शिकविण्यासाठीं मठ काढला, आणि यादवांचा मांडलिक सोईदेव निकुंभ यानें त्यास दान दिलें. दानाचा मुहूर्त कोणता? इ. स. १२०७ ची श्रावणी पौर्णिमा, चंद्रग्रहणाचा पर्वकाळ. बाजारांतील कांहीं कर व तेलाचा वाटा मठास लावून दिल्याचा मजकूर तर चक्क मराठींत आहे.

आतां मठांत शिकवावयाचें काय? तर ११५० तला ‘सिद्धान्तशिरोमणि’. त्यांत चंद्रग्रहण म्हणजे पृथ्वीची छाया, असें गणितासह सांगितलें आहे! मात्र तेथेंच आचार्य म्हणतात कीं, शंभूच्या वरानें राहू त्या छायेंत शिरतो, म्हणून आगमांशीं विरोध नाहीं. त्यांच्यापूर्वीं, ६२८ त, ब्रह्मगुप्तानें तर राहूस न मानणाऱ्यांसच दोष दिला होता. सॉक्रेटिसासारखा प्रसंग ओढवेल या भयानें तो असें बोलला असावा, असा अल्बेरूनीचा तर्क आहे.

आम्हांस हा तर्क पुरता पटत नाहीं. ग्रहणांत पुण्य नसतें, तर सोईदेवानें तेल कशास दिलें असतें? आणि पर्वकाळ चुकला कीं दान फुकट; म्हणून गणित बिनचूक हवें. श्रद्धेनें शास्त्रास नुसतें अन्न दिलें असें नव्हे, धाकही घातला. युरोपांतही केप्लरनें १६०८ त सेनापति वालेनस्टाइनची कुंडली मांडली होती.

पण हा आश्रय महागही पडला. कर्मापुरतें गणित साधलें कीं यजमान तृप्त. गणेश दैवज्ञांच्या १५२० च्या ‘ग्रहलाघवा’नें ज्याचापांची कटकट काढून टाकली, ग्रंथ खरोखर अप्रतिम, परंतु पंचांगकर्ते शतकानुशतकें त्यावरच विसंबले आणि आकाश पंचांगापासून सरकत गेलें. अखेर केरो लक्ष्मण छत्रे यांनीं १८६० त नव्या वेधांवर आधारलेलीं ‘ग्रहसाधनाचीं कोष्टकें’ मराठींत काढलीं, व पुढें नव्या गणिताचें पंचांगही निघालें. त्यावर जुन्या पक्षाशीं जो वाद माजला, तो राहू खरा कीं छाया खरी याचा नव्हताच. संक्रांत व अधिक मास केव्हां धरावा, याचा होता.