पाटाचे पाणी आणि चारचौघांचा मेळ

श्रोतेहो, पाटाला पाणी सुटल्याची बातमी गावात क्षणात पसरते. पाणी मात्र आपल्याच चालीने येते. धरणापासून टेलपर्यंतचा प्रवास तासांचा, कधी दिवसांचा असतो. पाटावरची बरीच भांडणे या उशिराच्या पोटी जन्मतात.

कसे ते पाहा. वरच्याने दार जादा उघडले की खाली चारी रोडावते, पण उशिरा. टेलवाल्याची तक्रार जाते, वरून पाणी वाढवतात. ते पोचेपर्यंत वरच्याचे भरणे आटोपलेले असते. मग पाणी नाल्याला जाते. ते पाहून पाणी तोडले, की टेल पुन्हा कोरडा आणि उभे पीक वाळायला लागते. यात कोणी लबाड असावाच लागत नाही. शिळ्या बातमीवर ताजा हुकूम सुटतो, एवढेच.

यावर जुन्या लोकांनी तोड काढली होती. धुळ्याकडे पांझरेच्या काठी बंधाऱ्याखालचे रान फडांत विभागत. एका फडात एक पीक, आणि पाणी द्यायला पाटकरी. कोणत्या फडात काय पेरायचे हे गाव आधीच ठरवी. मग ऐन वेळी पाटावर वाद कशाला?

आपल्या राहुरीच्या रानाला प्रवरेचा उजवा कालवा भिजवतो. त्यामागचे भंडारदरा धरण १९२६ साली पुरे झाले. पुढे १९७० नंतरच्या वर्षांत बारागाव नांदूरजवळच्या मुळा धरणाचे पाणी आले. या कालव्यांवरची शेजपाळी तेच सांगते : आधी अर्ज, मग यादी, आणि पाळी टेलकडून वर. ज्याच्याकडे पाणी सर्वांत उशिरा पोचते, त्याची सोय सर्वांत आधी. १९८९ मध्ये मुळेच्या सात नंबरच्या मायनरवर शेतकऱ्यांच्या दत्त सहकारी संस्थेने वाटप स्वतःकडे घेतले. २००५ च्या कायद्याने अशा संस्थांना राज्यभर आधार दिला.

गंमत अशी, की अनेक यंत्रांचा आपसांत मेळ कसा बसावा, याचे गणित ओल्फाती-सेबर आणि मरे या शास्त्रज्ञांनी २००४ साली मांडले. निष्कर्ष आपल्या ओळखीचाच आहे : निरोपाला उशीर जितका जास्त, तितकी प्रत्येकाची दुरुस्ती सौम्य हवी. घाईने हात घातला, तर मेळ बसण्याऐवजी हेलकावे वाढतात.

गुरुजनहो, पुढच्या आवर्तनाला मुलांकडून एक नोंद करवून घ्या. चारीचे दार केव्हा उघडले आणि शेवटच्या बांधाला पाणी केव्हा लागले? तो आकडा चावडीवर लिहा. किती वेळ थांबायचे हे एकदा कळले, की दाराला हात घालण्याआधी माणूस विचार करील.