किटीबाईंचा बंब

आज आपण जरा लांबच्या गावाला जाऊ. तिकीट नको, पिशवी भरायला नको. इंग्लंडमध्ये मर्सी नदीच्या काठी लिव्हरपूल नावाचं जुनं बंदर आहे. आम्हीही ते डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण गटातल्या वाचनाच्या दिवशी आम्ही त्याची माहिती वाचली, चित्रं पाहिली, आणि त्यातली एक बाई आमच्या मनातून काही केल्या जाईना. तिच्यासाठीच हा फेरफटका.

तिथं जाणारा पाहुणा आधी गोदीवर जातो. समुद्राची भरती-ओहोटी चालू असली तरी आतलं पाणी एकाच पातळीवर ठेवून जहाजातला माल उतरवता यावा, अशी गोदी या शहरानं १७१५ सालीच बांधली. पुढे १८४६ साली अल्बर्ट डॉक उघडली. तिची गोदामं विटा, दगड आणि ओतीव लोखंडाची. आगीच्या भीतीनं बांधकामात लाकूड टाळलं होतं. आता तिथं चित्रांचं दालन, दुकानं, खानावळी आहेत.

पण या बंदराचा पैसा आला कुठून? आफ्रिकेतल्या माणसांना पकडून, जहाजात कोंबून, अमेरिकेकडे नेऊन विकायचं, या धंद्यात लिव्हरपूल फार पुढे होतं. १८०७ साली कायद्यानं तो धंदा बंद झाला. त्या शहरानं ही गोष्ट लपवली नाही. २००७ साली गुलामगिरीचं संग्रहालयच उघडलं. दुसरा पैसा कापसाचा. अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध चाललं, तिकडचा कापूस थांबला आणि आपल्या वऱ्हाड-खानदेशच्या गाठी मुंबईमार्गे या बंदरावर जाऊ लागल्या. अमरावतीकडच्या कापसाला तिथल्या बाजारात ‘ऊमरा’ म्हणत. हे वाचल्यावर आमच्यातल्या एक आजी म्हणाल्या, “म्हणजे वेचणी आपल्या बायांची, अन् वाडे त्यांचे!” 

आता त्या बाईची गोष्ट. तिचं नाव किटी विल्किन्सन. आपण किटीबाई म्हणू. जन्म १७८६ चा, आयर्लंडमधला. लहानपणी घरच्यांसोबत जहाजानं लिव्हरपूलला येताना बंदराजवळच जहाज फुटलं आणि वडील बुडाले. पोरवयातच ती सूतगिरणीत कामाला लागली. पुढे लग्न झालं ते खलाशाशी. तोही समुद्रात गेला. पदरात दोन मुलं. किटीबाई लोकांचं धुणं धुऊन पोट भरू लागली. नंतर टॉम नावाच्या गोदामातल्या हमालाशी तिनं दुसरं लग्न केलं.

१८३२ साली शहरात पटकी आली. आपल्याकडे जिला मरीआईचा कोप म्हणत, तीच ही कॉलरा. बंगालकडून व्यापाराच्या वाटांनी ती युरोपात पोचली होती. लिव्हरपूलचे गरीब लोक तेव्हा ओलसर तळघरांत दाटीवाटीनं राहायचे. घरात धड पाणी नाही, कपडे उकळायला भांडं नाही. आजाऱ्याची चादर धुवायची कुठं?

किटीबाईच्या स्वयंपाकघरात चुलीवर बसवलेला पाणी तापवायचा मोठा हंडा होता, आपल्या बंबासारखा. त्या गल्लीत असा हंडा दुसऱ्या कुणाकडे नव्हता. तिनं शेजारणींना सांगितलं, कपडे माझ्याकडे आणा. आठवड्याला एक पेनी द्यायची. कपडे उकळून, चुन्याच्या क्लोराइडच्या पाण्यातून काढून द्यायचे. आपल्या ग्रामपंचायती पाण्यात टाकतात ती टीसीएल पावडर याच जातीची.

मैत्रिणींनो, इथं एक गोष्ट लक्षात घ्या. पटकी घाण पाण्यातून पसरते हे तेव्हा डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं. खराब हवेनं रोग होतो असंच बरेच जण मानत. किटीबाईला जंतू माहीत नव्हते, स्वच्छता माहीत होती. साथीच्या घरातले कपडे हातात घेणं म्हणजे आपला जीव धोक्यात घालणं. तिच्या घरातही मुलं होती. तरी तिनं दार बंद केलं नाही. साथीत पोरकी झालेली मुलंही तिनं घरी आणून सांभाळली.

तिचं काम पाहून शहरातल्या काही सधन लोकांनी आणि संस्थांनी मदत केली. किटीबाई आणि टॉम सार्वजनिक धुणेघराची मागणी करत राहिले. शेवटी १८४२ साली नगरपालिकेनं फ्रेडरिक स्ट्रीटवर न्हाणीघर आणि धुणेघर उघडलं. थोडे पैसे देऊन कुणीही बाई तिथं गरम पाण्यात कपडे धुऊ शके. १८४६ साली या दोघांनाच तिथं देखरेखीला नेमलं. त्याच वर्षी इंग्लंडच्या संसदेनं अशी धुणेघरं गावोगावी बांधता यावीत म्हणून कायदा केला. किटीबाई १८६० साली वारली.

आज लिव्हरपूलला गेलं तर सेंट जॉर्ज हॉल नावाची भव्य इमारत दाखवतात. आतल्या दालनात थोरामोठ्यांचे संगमरवरी पुतळे आहेत. कितीतरी वर्षं ते सगळे पुरुषांचेच होते. २०१२ साली तिथं पहिल्यांदा एका बाईचा पुतळा बसला, तो धुणं धुणाऱ्या किटीबाईचा. म्हणजे ती गेल्यानंतर दीडशे वर्षांनी! तिथल्या मोठ्या चर्चच्या रंगीत काचेच्या खिडकीतही ती आहे.

हे ऐकून आमच्या गटात बराच वेळ कुणी बोललं नाही. मग एकीनं विचारलं, “ताई, आपल्या वस्तीत कुणाची साथ आली तेव्हा विहिरीचं पाणी उकळून घरोघर कोण देत होतं, ते कुठं लिहिलंय?” कुठंच नव्हतं. आमच्या इतिवृत्ताच्या वहीत कर्ज आहे, हप्ते आहेत, दंड आहे, पण ते नाही.

किटीबाईची आठवण राहिली, कारण तिच्या वेळच्या लोकांनी तिचं काम लिहून ठेवलं होतं. म्हणून आम्ही ठरवलंय, येत्या मासिक बैठकीत वहीची मागची चार पानं मोकळी ठेवायची. ज्या सासूबाईंनी, ज्या मावशींनी वस्तीसाठी काही केलं, त्यांचं नाव, साल आणि काम तिथं लिहायचं. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सांगायचं, आपण लिहू. तुमच्या गटातही असं कुणी असेल. त्या आहेत तोवरच त्यांना विचारून घ्या.