बूढापाऱ्यातील शाळा आणि एका पक्षाचे पत्र

रायपूरच्या बूढापाऱ्यात, बूढा तलावाच्या शेजारी, माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळा उभी आहे. तिच्या आसपास अनेक वर्षे शहराची धरणी चालत. पुढे ती जागा नव्या रायपुरातील तूता येथे हलविण्यात आली. घोषणांच्या त्या परिसराला सप्र्यांचेच नाव लाभले होते, हा योगायोग मोठा मार्मिक होय. कारण मताग्रही पक्ष आणि वृत्तपत्र यांची सांगड काय घडविते, हे सप्र्यांनी स्वतः भोगले होते.

सप्रे मराठी घराण्यातले, पण त्यांची लेखणी चालली ती हिंदीत. जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून त्यांचे ‘छत्तीसगढ़ मित्र’ मासिक निघाले. वामन बळीराम लाखे आणि रामराव चिंचोलकर हे त्यांचे साथीदार. साहित्यचर्चा आणि ग्रंथपरीक्षण यांत रमलेले ते मासिक कोणाच्या अध्यातमध्यात नव्हते. तीन वर्षांतच ते बंद पडले.

१३ एप्रिल १९०७ रोजी नागपुरातून निघालेल्या ‘हिंदी केसरी’चा बाणा निराळा होता. टिळकांच्या पक्षाचे मत हिंदी वाचकांपर्यंत नेणे, हा त्याचा उघड हेतू. तो काळही तापलेला होता. त्याच वर्षी रायपूरच्या प्रांतिक परिषदेत आरंभी ‘वंदे मातरम्’ म्हणावे की नाही यावरून जहाल व मवाळ यांचे बिनसले. नागपुरात भरावयाचे काँग्रेसचे अधिवेशन स्वागत समितीतील दंगलीमुळे सुरतेस गेले, आणि तेथे डिसेंबरात जोडा भिरकावला गेला. पाठोपाठ एकाच दिवसाची दोन परस्परविरुद्ध निवेदने छापून आली!

ही फूट केवळ वृत्तपत्रांनी पाडली असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. बहिष्काराच्या मर्यादेविषयीचा मतभेद खराच होता. परंतु एका बाजूच्या पत्रांत मवाळ म्हणजे भेकड, दुसरीकडच्या पत्रांत जहाल म्हणजे दंगेखोर, अशी चित्रे नित्य रंगू लागल्यावर तडजोड करू पाहणाऱ्यास उभे राहावयास जागाच उरली नाही.

२२ ऑगस्ट १९०८ रोजी राजद्रोहाच्या आरोपावरून सप्र्यांना अटक झाली. कुटुंबीयांच्या आग्रहापुढे नमून त्यांनी माफीपत्र लिहून दिले व नोव्हेंबरात ते सुटले. कालपर्यंत ज्यांच्यासाठी लिहिले त्यांच्याच दृष्टीने आता ते उणे ठरले! सरकारच्या शिक्षेपेक्षा हा घाव खोल असावा. सार्वजनिक जीवनातून बाजूस होऊन ते रामदासांच्या ‘दासबोधा’कडे वळले आणि त्यांनी तो हिंदीत आणला.

टिळकांनी मात्र त्यांना दूर लोटले नाही. ‘गीतारहस्या’चे हिंदी भाषांतर त्यांनी सप्र्यांकडेच सोपविले. ते १९१६ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी, गोखले आणि फिरोजशहा मेहता दिवंगत झाल्यानंतर, लखनौच्या मंडपात जहाल आणि मवाळ पुन्हा एकत्र बसले.