हुलग्याने ओळखलेलं रक्त

पुण्याच्या मार्केट यार्डातल्या भुसार विभागात तूर, मूग, मटकी यांच्या पोत्यांच्या रांगेत हुलगाही विकायला असतो. कोकणात याला कुळीथ म्हणतात. चपटा, तांबूस-करडा दाणा. कडधान्यांच्या पंगतीत त्याचं पान शेवटी. देशावर हुलग्याचं माडगं, कोकणात कुळथाचं पिठलं आणि उरलेला जनावरांच्या खाण्यात. इंग्रजीत तर त्याचं नावच घोड्याशी जोडलेलं आहे. अशा या गरीब कडधान्याने वैद्यकाच्या इतिहासात मानाची जागा मिळवली आहे आणि ती मिळवून दिली पुण्यातल्याच एका प्रयोगशाळेने. ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही, म्हणून आज ती सांगायची.

त्याआधी थोडं मागे जायला हवं. माणसाचं रक्त सगळीकडे लाल, पण एकाचं दुसऱ्याला चालतंच असं नाही. याचं कारण व्हिएन्नाच्या कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली दाखवून दिलं. एकाच्या रक्तातला पाण्यासारखा भाग, म्हणजे सीरम, दुसऱ्याच्या लाल पेशींत मिसळला की कधी काहीच होत नाही, तर कधी पेशी एकमेकींना चिकटून त्यांचे गोळे होतात. हे रक्त गोठणं नव्हे. ही पेशींची ओळख पटण्याची खूण. या खुणेवरूनच ए, बी, ओ हे गट ठरले. पुढे एबी हा चौथा गट सापडला. १९३० साली लँडस्टायनर यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

गट ओळखायला सीरम लागे आणि ते माणसाच्याच रक्तातून काढावं लागे. अडचण तिथेच होती. 'ए' गटातही दोन पोटगट आहेत, ए-वन आणि ए-टू. ते वेगळे करण्यासाठी 'बी' गटाच्या माणसाचं सीरम घ्यायचं, ए-टू पेशींबरोबर मिसळून त्यातला नको तो भाग शोषून काढायचा आणि उरलेलं जपून वापरायचं, असा मोठा खटाटोप असे.

याच सुमारास काही संशोधकांचं लक्ष बियांकडे गेलं. अमेरिकेत बोस्टनच्या विल्यम बॉइड यांनी १९४५ साली सहायकाला कोपऱ्यावरच्या वाण्याकडून लिमा बीन्स, म्हणजे एक जातीचा वाल, आणायला पाठवलं. तेच का आणायला सांगितलं, हे त्यांना स्वतःलाही पुढे सांगता आलं नाही. त्या वालाच्या अर्काने 'ए' गटाच्या पेशी गोळा केल्या, 'बी' आणि 'ओ' यांना हातही लावला नाही. फिनलंडमध्ये रेंकोनेन यांनीही १९४८ साली बियांचे असेच गुण स्वतंत्रपणे नोंदवले.

आता पुण्याकडे येऊ. १९५१ साली गुलटेकडीला मार्केट यार्ड नव्हतं. घाऊक भुसार बाजार भवानी पेठ आणि नाना पेठेच्या बाजूला भरे. वानवडीला सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालय सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. तिथल्या रक्तसंक्रमण विभागात डॉ. जी. डब्ल्यू. जी. बर्ड काम करत होते. त्यांनी हुलग्याच्या अर्काची लाल पेशींवर परीक्षा घेतली. अर्क काढण्याची रीत स्वयंपाकघरात शोभेल इतकी साधी आहे. दाणे दळायचे, मिठाच्या ठरावीक पाण्यात भिजवायचे, गाळ खाली बसवून वरचं स्वच्छ पाणी घ्यायचं. योग्य प्रमाणात पातळ केलेला हा अर्क ए-वन पेशी गोळा करतो आणि ए-टू पेशी तशाच सोडतो, असं त्यांना आढळलं. 'करंट सायन्स' या भारतीय नियतकालिकात १९५१ साली आणि 'नेचर'मध्ये १९५२ साली ही माहिती प्रसिद्ध झाली. जे काम मोठ्या खटाटोपाने होई, ते आता मूठभर हुलग्यात होऊ लागलं.

बियांतल्या या पदार्थांना बॉइड यांनी १९५४ साली 'लेक्टिन' हे नाव दिलं. मूळ लॅटिन क्रियापदाचा अर्थ निवडणं. आपल्याकडे सुपात धान्य घेऊन बाई निवडायला बसते, तेव्हाही आपण हाच शब्द वापरतो. फरक एवढाच की इथे धान्यच रक्त निवडतं!

पण या निवडीचं महत्त्व काय? रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत रक्तगट दोन बाजूंनी तपासतात. एकदा रुग्णाच्या पेशी घेऊन, ज्ञात सीरमबरोबर. दुसऱ्यांदा उलटं, रुग्णाचं सीरम घेऊन, ज्ञात पेशींबरोबर. दोन्हींचं उत्तर एकच यायला हवं. ए-टू गटाच्या काही माणसांच्या सीरममध्ये ए-वन पेशींविरुद्धचा घटक असतो, आणि मग ही दोन उत्तरं जुळत नाहीत. अशा वेळी हुलग्याचा अर्क कोडं सोडवतो.

उत्तर न जुळण्याचं याहून मोठं उदाहरण मुंबईतलं आहे. के.ई.एम. रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त आढळलं, की त्याच्या पेशी 'ओ' गटासारख्या वागत, पण सीरम मात्र 'ओ' गटाच्याच पेशी गोळा करी. सगळ्यांना चालणारं म्हणून ज्याची ख्याती, ते 'ओ' रक्तही या माणसांना चालत नव्हतं! १९५२ साली 'लॅन्सेट'मध्ये हे प्रसिद्ध झालं आणि जगाच्या पुस्तकांत 'बॉम्बे' रक्तगट दाखल झाला. भारतात साधारण १०,००० माणसांत एकाचा हा गट असतो. केवळ पेशींची तपासणी करून थांबलं, तर या माणसाच्या कागदावर 'ओ' असा शिक्का बसतो आणि 'ओ' रक्ताची पिशवी त्याच्या जिवावर उठू शकते. उलट तपासणीत 'ओ' पेशींची नळी लावली, तर हा धोका आधीच लक्षात येतो.

म्हणजे या दोन्ही शोधांचा धागा एकच. न जुळलेल्या उत्तराला चूक समजून नळी धुऊन न टाकता, हे असं का झालं, असं कुणीतरी विचारलं.

आज बहुतेक चाचण्यांना कारखान्यात तयार झालेली मोनोक्लोनल प्रतिद्रव्यं वापरतात. तरीही ए-वन आणि ए-टू वेगळे करायचे झाले, तर हुलग्याचं लेक्टिन अजून कामाला येतं. मूत्रपिंड रोपणातही हा पोटगट पाहावा लागतो, कारण ए-टू दात्याचं मूत्रपिंड वेगळ्या गटाच्या रुग्णालाही कधी कधी देता येतं.

आणि नळी हातात धरणारा माणूस? रुग्णाला डॉक्टर दिसतो, सिस्टर दिसते. प्रयोगशाळेतला तंत्रज्ञ दिसत नाही. रात्री अपघाताचा रुग्ण येतो, नातेवाईक दाराशी घाई करतात, वॉर्डातून फोनवर फोन येतात. त्या गडबडीत त्याला नमुन्यावरचं नाव आणि मागणीपत्रावरचं नाव ताडून पाहायचं असतं, दोन्ही बाजूंची तपासणी करायची असते, दात्याचं आणि रुग्णाचं रक्त जुळवून बघायचं असतं. चुकीचं रक्त दिलं जाण्यामागे बहुधा विज्ञानाची नव्हे, तर नावाची, चिठ्ठीची चूक असते. उत्तर जुळेना, तर पिशवी थांबवण्याचं धाडसही त्यालाच करावं लागतं.

रक्तपेढीच्या खिडकीशी आपण उभे असू आणि आतून 'थोडं थांबा, पुन्हा एकदा तपासतो' असं कुणी म्हणालं, तर चिडू नका. त्या थांबण्यातच आपल्या माणसाचा जीव सुरक्षित असतो.