जपानी ॲनिमेशनचा आरंभकाळ

जपानी ॲनिमेशनचा आरंभकाळ साधारणपणे १९१७ हे वर्ष केंद्रस्थानी धरून सांगितला जातो. ॲनिमे हा शब्द त्या वेळी प्रचलित नव्हता. अशा चित्रपटांना 'सेन्गा' (रेखाचित्रे) आणि पुढे 'मांगा एइगा' (व्यंगचित्रपट) म्हणत. १९१०च्या दशकात जपानी चित्रपटगृहांत पाश्चात्त्य देशांतील हलत्या चित्रांचे लघुपट लोकप्रिय झाले, आणि तसे चित्रपट देशातच तयार करण्यासाठी तीन चित्रपटसंस्थांनी जवळजवळ एकाच वेळी प्रयत्न सुरू केले.

तीन प्रवर्तक

तेनकात्सु कंपनीने व्यंगचित्रकार ओतेन शिमोकावा यांची निवड केली. त्यांनी सुरुवातीला फळ्यावर खडूने चित्रे काढून, पुसून आणि पुन्हा काढून चित्रीकरण केले. निक्कात्सुसाठी चित्रकार सेइतारो कितायामा यांनी 'सारू तो कानी नो गास्सेन' (माकड आणि खेकड्याची लढाई) ही लोककथा पडद्यावर आणली, तर कोबायाशी शोकाईसाठी जुन्इची कोउची यांनी 'नामाकुरा गाताना' (बोथट तलवार) हा चित्रपट केला. पहिला मान दीर्घकाळ शिमोकावा यांच्या एका चित्रपटाला दिला जात असे; तो कोणता, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तिघांपैकी दूरगामी काम कितायामा यांचे म्हणावे लागेल. त्यांनी सहायक तयार केले, बचतीचा प्रचार करणारा चित्रपट सरकारी खात्यासाठी काढला आणि १९२१ मध्ये स्वतःची निर्मितीसंस्था स्थापन केली.

नष्ट झालेले आणि सापडलेले चित्रपट

१ सप्टेंबर १९२३ रोजीच्या कांतो महाभूकंपात ही संस्था उद्ध्वस्त झाली व कितायामा ओसाकाला गेले. त्या काळातील बहुतेक चित्रपट आज उपलब्ध नाहीत. भूकंप हे त्याचे एकच कारण नव्हे. नायट्रेटची फीत ज्वालाग्राही असून कालांतराने कुजते. शिवाय खेळ संपल्यावर फितींचे तुकडे करून घरगुती खेळण्यातल्या प्रक्षेपकांसाठी विकण्याची पद्धत होती.

त्यामुळे या इतिहासाची साधने अभिलेखागारांपेक्षा जुन्या बाजारातच अधिक हाती लागली. ओसाकातील एका जुन्या वस्तूंच्या बाजारात संशोधक नात्सुकी मात्सुमोतो यांना 'नामाकुरा गाताना'ची प्रत मिळाली. हा शोध २००८ मध्ये जाहीर झाला. सुमारे चार मिनिटांच्या या विनोदी चित्रपटात एक मूर्ख सामुराई नवी तलवार वाटसरूंवर चालवून पाहतो आणि स्वतःच मार खातो. चित्रपटगृहात प्रदर्शित झालेल्या जपानी ॲनिमेशनपटांपैकी आज उपलब्ध असलेला हा सर्वांत जुना मानला जातो.

मात्सुमोतो यांनाच २००५ मध्ये क्योतो येथे 'कात्सुदो शाशिन' ही ५० चित्रांची, जेमतेम तीन सेकंदांची पट्टी मिळाली होती. खलाशी पोशाखातला एक मुलगा 'चलच्चित्र' या अर्थाचे शब्द लिहितो, वळतो आणि टोपी काढून नमस्कार करतो, एवढेच तीत आहे. ही चित्रे कॅमेऱ्याने टिपलेली नसून साच्याच्या साहाय्याने थेट फितीवर छापलेली आहेत. पट्टी १९१७ पूर्वीची समजली जाते; मात्र तिचा कर्ता अज्ञात आहे.